सर्वश्रेष्ठ पॉइंट गार्ड कोण? : एका क्रीडावादाची निकषमीमांसा

‘सर्वश्रेष्ठ कोण?’ हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. परंतु त्याचे उत्तर देताना आपण कोणत्या वाटेने जातो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आपल्या क्षेत्रात आपल्या आवडीनिवडी, निष्ठा आणि वाचनसंस्कार इतके गुंतलेले असतात की निकष कुठे संपतो आणि आवड कुठे सुरू होते हे सांगणे अवघड व्हावे. अशा वेळी दुसऱ्या क्षेत्रातील एखादा वाद तपासून पाहणे उपयोगाचे ठरते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये असा एक वाद गेली काही वर्षे रंगला आहे : पॉइंट गार्ड या स्थानावरचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, मॅजिक जॉन्सन की स्टीफन करी? २०२३ च्या ऑगस्टमध्ये गिल्बर्ट अरीनास या माजी खेळाडूने एका मुलाखतीत हा प्रश्न थेट स्टीफन करीलाच विचारला. त्याने स्वतःचे नाव घेतले. आपली तुलना व्हायची ती मॅजिक जॉन्सनशीच, हेही त्याने सूचित केले. पुढे जॉन्सनने आपल्या अजिंक्यपदांकडे बोट दाखवले, आणि मग समालोचक, माजी खेळाडू व चाहते अशा सर्वांनीच वादात उडी घेतली.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. पॉइंट गार्ड म्हणून आम्ही मॅजिक जॉन्सनला श्रेष्ठ मानतो. मात्र त्याच्या बाजूने जी कारणे सामान्यतः दिली जातात, ती आम्हाला मान्य नाहीत. आणि या वादात निर्णयाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व त्या निर्णयाच्या कारणांना आहे, असे आम्हाला वाटते.

ज्या वाचकांचा या खेळाशी फारसा परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. जेम्स नेस्मिथने १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला, तेव्हा प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू होते. पुढे ही संख्या पाचावर स्थिर झाली आणि या पाच जणांच्या कामांची वाटणी होत गेली. उंचापुरा सेंटर बास्केटजवळ उभा राहतो, दोन फॉरवर्ड बाजूंनी खेळतात आणि दोन गार्ड बाहेरून. यांपैकी पॉइंट गार्ड हा संघाचा सूत्रधार. चेंडूचे टप्पे देत तो मैदानाच्या दुसऱ्या अर्धात नेणे, प्रतिपक्षाची मांडणी वाचणे, आणि चोवीस सेकंदांची मुदत संपण्याच्या आत कोणाला, कुठे व कोणत्या क्षणी फेक करण्याची संधी द्यावयाची हे ठरवणे, ही त्याची जबाबदारी. त्याने स्वतः गुण मिळवले तर उत्तमच. पण त्याची मूळ नेमणूक त्यासाठी नसते.

आता दोन्ही पक्षांची साधनसामग्री पाहू. जॉन्सन १९७९ साली लॉस एंजेलिस लेकर्स संघात आला. १९८०, १९८२, १९८५, १९८७ आणि १९८८ अशी पाच अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान त्याला तीनदा मिळाला. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे जाहीर करून त्याने निवृत्ती घेतली, आणि १९९६ मधील अल्पकाळाचे पुनरागमन वगळता त्याची कारकीर्द तिथेच थांबली. स्टीफन करी २००९ साली गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये आला. २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार अजिंक्यपदे, सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान दोनदा, आणि त्यांतला २०१६ चा सन्मान एकमताने. असे एकमत त्या सन्मानाच्या इतिहासात त्यापूर्वी कधीच झाले नव्हते.

पाच आणि चार या आकड्यांवर वाद मिटवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि खुद्द जॉन्सनचा युक्तिवादही याच दिशेचा आहे. पण अजिंक्यपद हे संघाचे असते. जॉन्सनबरोबर करीम अब्दुल-जब्बार आणि जेम्स वर्दी होते. करीबरोबर क्ले थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन आणि तीन हंगाम केव्हिन ड्युरांट. हा निकष ताणून पाहिला की त्यातील विसंगती लगेच उघड होते. डेरेक फिशर हाही लेकर्सचाच पॉइंट गार्ड. २००० ते २००२ ही सलग तीन वर्षे आणि पुढे २००९ व २०१०, अशी त्याच्याही खात्यात पाच अजिंक्यपदे आहेत. फिशर हा गुणी आणि मोक्याच्या क्षणी न डगमगणारा खेळाडू होता, परंतु त्याला मॅजिक जॉन्सनच्या पंगतीला कोणीही बसवत नाही. उलट, युटा जॅझच्या जॉन स्टॉक्टनला एकोणीस हंगामांत एकही अजिंक्यपद मिळाले नाही. १९९७ आणि १९९८ या दोन्ही वर्षी अंतिम फेरीत शिकागोने त्याच्या संघाला हरवले. तरीही या स्थानाची कोणतीही यादी स्टॉक्टनच्या नावावाचून पुरी होत नाही. याचा अर्थ असा की, अजिंक्यपदांचा निकष तोंडाने सांगणारी मंडळीही प्रत्यक्ष निर्णय करताना तो वापरत नाहीत. आधी निर्णय होतो, आणि मग त्याला शोभेल असा निकष शोधला जातो.

दुसरा मार्ग आकडेवारीचा. ज्या पासमधून सहकाऱ्याला थेट गुण मिळतो, त्याला असिस्ट म्हणतात, आणि पॉइंट गार्डची थोरवी मोजण्याचे ते पारंपरिक माप आहे. स्टॉक्टनचे कारकिर्दीतील असिस्ट १५,८०६, जॉन्सनचे १०,१४१. सामन्यागणिक सरासरी काढली तर मात्र जॉन्सनची ११.२ ही सरासरी इतिहासात सर्वोच्च ठरते. करीची सरासरी सहा ते सात यांच्या दरम्यान रेंगाळते. म्हणजे एकूण संख्या घेतली की स्टॉक्टन, सरासरी घेतली की जॉन्सन. आणि काळाचे भान ठेवावयाचे तर हे आकडे परस्परांशेजारी मांडणेही जोखमीचे. १९६१-६२ च्या हंगामात ऑस्कर रॉबर्टसनने गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्ही बाबतींत दोन अंकी सरासरी राखली, हा पराक्रम खराच. पण त्या काळी संघ एका सामन्यात शंभराहून अधिक फेकी करीत, तर आज ती संख्या नव्वदीच्या आसपास आहे. संधी अधिक, म्हणून आकडेही मोठे.

त्याहून मूलभूत अडचण अशी की, माप जे मोजते तेवढेच दिसते. इथे करीच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. तो तीन गुणांच्या रेषेच्या कितीतरी बाहेरून अचूक फेक करू शकतो, म्हणून प्रतिपक्षाचे दोन-दोन बचावपटू त्याच्याकडे धावतात, आणि अनेकदा तर चेंडू त्याच्या हातात नसतानाही. त्यामुळे बास्केटजवळ एखादा सहकारी मोकळा राहतो आणि दुसऱ्याच कोणाच्या पासवर तो सहज गुण मिळवतो. या गुणामागचे खरे कारण करी असतो. नोंदवहीत मात्र त्याच्या नावापुढे काहीही लिहिले जात नाही. समालोचक याला त्याचे ‘गुरुत्वाकर्षण’ म्हणतात, आणि शब्द चपखल आहे. तेव्हा असिस्टची सरासरी कमी म्हणून तो सहकाऱ्यांना घडवत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तिसरा निकष प्रभावाचा. हा साहित्याच्या अभ्यासकांना विशेष ओळखीचा आहे. एन.बी.ए.ने तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात आखली, म्हणजे नेमक्या जॉन्सनच्या पदार्पणाच्या हंगामात. त्यानंतर कितीतरी वर्षे या रेषेबाहेरची फेक हा पूरक, प्रसंगी जुगारी पर्याय समजला जाई. जॉन्सनने आपल्या संपूर्ण कारकिर्दीत अशा ३२५ फेकी यशस्वी केल्या. करीने २०१५-१६ या एकाच हंगामात ४०२. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्याने रे ॲलनचा २,९७३ फेकींचा उच्चांक मोडला आणि २०२५ च्या मार्चमध्ये चार हजारांचा टप्पा गाठला. खेळाचा भूगोलच त्याने बदलला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जी जागा पूर्वी केवळ चेंडू फिरवण्याची होती, ती आज आक्रमणाची झाली. अवाढव्य सेंटरनाही बाहेर येऊन फेक शिकावी लागली. २००१ मध्ये क्षेत्ररक्षक पद्धतीच्या बचावावरील निर्बंध सैल झाले आणि २००४ मध्ये बचावपटूने हाताने अडवण्यावर कडक बंधने आली, हे बदल त्याला अनुकूल ठरले हे खरे. पण त्यांचा लाभ सर्वांनाच उपलब्ध होता. त्यातून नवे काही निर्माण केले ते त्याने.

तथापि, प्रभाव आणि श्रेष्ठता या एकच गोष्टी नव्हेत. ऐतिहासिक महत्त्व आणि वाङ्मयीन मूल्य यांत भेद करावा, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकवतो. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ला मराठी कादंबरीच्या इतिहासात १८५७ पासूनचे अग्रस्थान आहे, म्हणून ती मराठीतील सर्वश्रेष्ठ कादंबरी आहे, असे कोणी म्हणत नाही. करीचे मोठेपण केवळ ऐतिहासिक आहे, असे आम्हाला सुचवावयाचे नाही. त्याची गुणवत्ता स्वयंसिद्ध आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील अंतिम सामना ज्यांनी पाहिला, त्यांना ती वेगळी सांगायला नको. आमचे म्हणणे एवढेच की, ‘त्याने खेळ बदलला’ हे विधान ‘तो या स्थानावर सर्वश्रेष्ठ आहे’ या विधानाचा पुरावा होऊ शकत नाही. ही दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत.

मग या प्रश्नाचे स्वतःचे असे उत्तर कसे शोधावे? आमच्या मते वादाची सारी मेख ‘श्रेष्ठ’ या विशेषणात नसून ‘पॉइंट गार्ड’ या नामात आहे. ‘चांगला’ हे विशेषण एकटे उभे राहत नाही. चांगला विळा म्हणजे काय हे विळ्याच्या कामावरून ठरते. चांगली शोकांतिका म्हणजे काय हे शोकांतिकेकडून आपण काय अपेक्षितो त्यावरून. स्थान हे खेळातले एक प्रकारचे साहित्यप्रकारच होय. ते कशासाठी आहे हे आधी सांगितल्यावाचून त्यातील श्रेष्ठता बोलता येत नाही. आणि पॉइंट गार्डचे कार्य, वर म्हटल्याप्रमाणे, पाच जणांच्या वतीने निर्णय घेणे हे आहे.

या कसोटीवर पाहिले असता करीच्या सर्वांत तेजस्वी हंगामातच एक बोलके चित्र दिसते. २०१५-१६ मध्ये वॉरियर्सने विक्रमी ७३ सामने जिंकले, करी एकमताने सर्वोत्तम ठरला. आणि त्याच हंगामात संघात असिस्टची सर्वाधिक सरासरी होती ती ड्रेमंड ग्रीन या फॉरवर्डची : ७.४. करीची ६.७. असिस्टच्या आकड्यावर विसंबू नये असे आम्हीच वर म्हटले, आणि श्रेष्ठतेचे माप म्हणून तो इथेही वापरत नाही. चेंडू कोणाच्या हाती होता याची खूण म्हणून वापरतो. त्या संघाची रीतच अशी होती की अनेकदा करी चेंडू ग्रीनकडे सोपवी, सहकाऱ्यांच्या आडोशाने पळत राही आणि प्रतिपक्षाला ओढून नेई. मग कोणाला संधी द्यावयाची हे ग्रीन ठरवी. या खेळाचे सौंदर्य वादातीत आहे. पण त्यात करी हा निर्णयाचे कारण आहे. निर्णेता नेहमीच तो नाही. त्याने आपल्या स्थानाचे कार्य संघात वाटून टाकले आणि स्वतः त्याहून वेगळे काही साधले. म्हणून खेळाडू म्हणून तो जॉन्सनहून मोठा आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही ते गंभीरपणे ऐकू. पॉइंट गार्ड म्हणून मोठा, हे मात्र मान्य करणार नाही.

यावर एक नेमका आक्षेप घेता येईल. जॉन्सनने तरी स्थानाची चौकट कुठे पाळली? सहा फूट नऊ इंच उंचीचा पॉइंट गार्ड ही त्या काळी जवळजवळ विसंगतीच होती. १६ मे १९८० रोजी, अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात, अब्दुल-जब्बार घोट्याच्या दुखापतीमुळे फिलाडेल्फियाला येऊ शकला नव्हता, तेव्हा वीस वर्षांच्या जॉन्सनने सेंटर म्हणून सामन्याला सुरुवात केली आणि ४२ गुण, १५ रिबाउंड व ७ असिस्ट नोंदवून अजिंक्यपद जिंकून दिले. मग चौकट मोडल्याचा दोष एकट्या करीला का?

आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि त्याच्या उत्तरातूनच आमची भूमिका अधिक स्पष्ट होते. आम्ही चौकट मोडण्याला दोष मानतच नाही. स्थानाचे रूप आणि स्थानाचे कार्य यांत भेद केला पाहिजे. बुटका, चपळ, बाहेर उभा राहणारा खेळाडू हे पॉइंट गार्डचे परंपरेने ठरलेले रूप. पाचांच्या वतीने निर्णय घेणे हे त्याचे कार्य. जॉन्सनने रूप मोडले आणि कार्य टिकवले. तो कुठेही उभा असला तरी मैदान त्याच्या नजरेतून चाले; उंचीमुळे त्याला बचावपटूंच्या डोक्यांवरून पलीकडचे दिसे, आणि रिबाउंड स्वतः घेऊन तो त्याच क्षणी आक्रमणाला आरंभ करू शके. करीने रूप बऱ्याच अंशी राखले आणि कार्य बदलले. आपल्या नवकथेवर कथानकाच्या अभावाचा आक्षेप घेतला गेला, तेव्हा गोंधळ असाच होता. कथेच्या रूढ रूपालाच तिचे कार्य समजले गेले होते. साहित्यप्रकाराचा निकष लावावयाचा तर तो कार्याचा लावावा. रूपाचा लावला तर तो सोवळे-ओवळे सांभाळण्यापलीकडे जात नाही.

आमच्या निकषाने जॉन्सनचेही दोष झाकले जात नाहीत. त्याची लांबून फेक बेताची होती आणि लहानखुऱ्या, वेगवान गार्डना रोखताना तो कमी पडे. पण त्याचा सर्वांत चर्चिला गेलेला प्रमाद १९८४ च्या अंतिम फेरीतला आहे. बॉस्टनविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात बरोबरी असताना शेवटचे सेकंद त्याने चेंडूचे टप्पे देण्यात घालवले. फेक झालीच नाही आणि जादा वेळेत लेकर्स हरले. पुढे ती मालिकाही गेली. त्याच्यावर झालेली टीका फेक हुकल्याची नव्हती, निर्णय न घेतल्याची होती. म्हणजे त्याचे टीकाकारही त्याला याच निकषाने तोलत होते. पुढल्याच वर्षी, १९८५ मध्ये, लेकर्सने बॉस्टनला त्यांच्याच मैदानावर हरवून अजिंक्यपद मिळवले.

कार्याचा निकष स्वीकारल्यावर त्याचे गैरसोयीचे परिणामही स्वीकारले पाहिजेत. २०२३-२४ पासून एन.बी.ए.ने हंगामाच्या अखेरीस निवडल्या जाणाऱ्या सर्वोत्तम संघांतून स्थानांची अट काढून टाकली आहे. डेन्व्हरचा निकोला योकिच हा सेंटर आहे, पण २०२४-२५ मध्ये त्याच्या असिस्टची सरासरी १०.२ होती आणि संघाचे सारे आक्रमण त्याच्या हातून उमलत होते. आमच्या व्याख्येप्रमाणे तो कार्याने पॉइंट गार्डच ठरतो. हे विचित्र वाटेल. आम्हाला वाटत नाही. उद्या जॉन्सनचे स्थान कोणी घेतलेच, तर तो खेळाडू करीच्या वाटेने येण्यापेक्षा योकिचच्या वाटेने येण्याची शक्यता आम्हाला अधिक दिसते.

या साऱ्याचा आपल्या अध्यापनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. ‘मराठीतील सर्वश्रेष्ठ कादंबरीकार कोण?’ असे विद्यार्थ्याला विचारून पाहावे. उत्तरादाखल तो पुरस्कार सांगतो, पुस्तकांची व आवृत्त्यांची संख्या सांगतो, नंतरच्या पिढ्यांवरील प्रभाव सांगतो. अजिंक्यपदे, आकडेवारी आणि प्रभाव हीच ती त्रयी. कादंबरी कशासाठी असते, हा प्रश्न त्याला पडलेला नसतो, कारण तो आपण त्याला विचारलेला नसतो. प्रश्नपत्रिकेत ‘मूल्यमापन करा’ असे आपण लिहितो आणि माहिती लिहिणाऱ्याला गुण देतो. भालचंद्र नेमाडे यांनी लघुकथेला साहित्यप्रकार म्हणून कनिष्ठ लेखले, त्यावर आपण आजही तावातावाने बोलतो. पण या वादातही कथालेखकांची नावे मोजली जातात, कथेचे कार्य कोणते याची चर्चा मागेच राहते.

श्रेष्ठतेचे वाद निरर्थक असतात, असे म्हणण्याची एक सभ्य रीत अलीकडे रूढ झाली आहे. ज्याचा-त्याचा आवडता खेळाडू, ज्याचा-त्याचा आवडता लेखक. आम्हाला ही रीत पटत नाही. वाद सोडून दिला की निकषांची तपासणीही सुटते, आणि मग ठरवण्याचे काम पुरस्कार समित्या आणि विक्रीचे आकडे परस्पर करून टाकतात. जॉन्सन की करी या प्रश्नावर आमच्याशी मतभेद असणारे पुष्कळ असतील. विद्यार्थ्यांमध्ये तर बहुसंख्य असतील, कारण त्यांनी करीलाच खेळताना पाहिले आहे. त्यांनी करीची बाजू जरूर मांडावी. फक्त आधी सांगावे की पॉइंट गार्ड ते कोणाला म्हणतात.